फाटकातून आत गेलेला दिलीप

शेवंताबाई गेल्याचा फोन सकाळी आला. मी लगेच कामाला लागले. कोणाला कळवायचं, गाडी कोणाची, तिची भंडाऱ्याची बहीण कधी पोचणार... सगळं लिहून, सगळ्यांना सांगून झालं आणि हातात करण्यासारखं काही उरलं नाही.

आमची ओळख सिलतऱ्याची, तिकडे हिंदी मुलखातल्या कारखान्यांच्या पट्ट्यातली. तिचा मुलगा दिलीप तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. एका सकाळी तो भट्टीवर गेला आणि दुपारी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर सापडला, भाजून मेलेला. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. त्याच्या पाळीतल्या पोरांना सगळं ठाऊक होतं, पण जबाब द्यायला एकही तयार नव्हता. मी कामगारांच्या वकिलाकडे काम करते. घरोघर फिरले आणि रिकाम्या हाताने परतले.

मग शेवंताबाईने फाटकासमोर सतरंजी टाकली आणि गोष्ट सांगायला बसली. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गोष्टीची एक रीत आहे. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने ‘हव’, म्हणजे हो, म्हणायचं. हव आला नाही तर सांगणारा पुढे जात नाही.

“एक पोट्टा होता.”

“हव.”

“वांग्याची भाजी पाहून तोंड वाकडं करे.”

पाळी सुटून आलेली पोरं हसली. “हव, काकी.”

“त्या दिवशी तो ह्याच फाटकातून आत गेला.”

पोरांनी फाटकाकडे पाहिलं. मग एकेक करून सगळे म्हणाले, “हव.” सही करायला घाबरणारी हीच पोरं. पुढे रोज पाळी सुटली की ती थांबायची आणि या वाक्याला त्यांचा आवाज मोठा व्हायचा. मला वाटायचं, यातलाच एखादा कोर्टात उभा राहील.

मग सुपरवायझर मोबाइलवर व्हिडिओ काढू लागला. हव म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नाही. आवाज कमी होत गेले... शेवटी सतरंजीवर ऐकायला मी एकटी. मी “हव” म्हटलं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

“तू काहून म्हणून राहिली? तू होती का तिथं?”

शेवंताबाईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, ती सगळी पोरं आली होती. फोटोसमोर मेणबत्त्या, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शेवंताबाईच्या मुलीला मराठी कळतं, पण ती बोलते हिंदीत. ती मला म्हणाली, “माँ की कहानी आप ही सुना दीजिए।”

मी सांगू लागले. पोट्टा झाला, वांग्याची भाजी झाली. पोरं हळू आवाजात हव म्हणत होती.

“त्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकातून आत गेला,” म्हणून मी थांबले.

कोणी चटईची काडी मोडत होतं, कोणी मेणबत्तीकडे बघत होतं. मी बरीच वाट पाहिली. मग त्यांच्यातला एक उठला. “दीदी, सुबह ड्यूटी है।” एकामागून एक सगळे दाराशी चपला शोधू लागले.

पुढची गोष्ट मला पाठ आहे. पण त्या खोलीत दिलीप अजून फाटकाबाहेरच उभा आहे.