रडूबाईचा बँड

रडूबाईला रडूबाई म्हणत ते तिच्या गाण्यांवरून. तिला प्रत्यक्ष रडताना पाहिलेला माणूस अख्ख्या गल्लीत शोधून सापडला नसता. बाई भांडखोर. हसायला लागली की समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात ऐकू जाई, आणि भांडायला लागली की त्याच्याही पलीकडे. धंदा जुन्या सोफ्या-खुर्च्यांचा. विटलेलं कापड फाडायचं, दबलेला स्पंज उपसून काढायचा, सैल स्प्रिंगा आवळायच्या, नवं कापड ताणून ठोकायचं. ठोकायचे बारीक खिळे ती ओठांत धरी आणि तोंड असं बंद असताना नाकातून गुणगुणत राही. तिच्या सगळ्या चाली अशाच, खिळे तोंडात असताना सुचलेल्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत स्पंजाच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या असत. तिथे बँडची तालीम चाले. स्पंज आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे शेजाऱ्यांना तक्रारीला जागा उरत नाही. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेली आणि कधीच परत न नेलेली एक खुर्ची तिथे होती, तीन पायांची. चौथ्या पायाच्या जागी विटा. बँडमध्ये माणसंही तीनच, म्हणून बँडचं नाव पडलं ‘तीन पायांची खुर्ची’. रडूबाई गाणी लिही, गाई आणि गिटार वाजवी. व्हायोलिन मास्तरांकडे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार चालवायला शिकवणारे. दिवसभर ते नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसत. ते म्हणायचे, “बाई, संध्याकाळी तरी काहीतरी सावकाश चालू द्या.” आणि तिसरा दादा, रडूबाईचा सख्खा थोरला भाऊ. तो ड्रम वाजवी.

बँडची खरी गोष्ट सुरू होते ती या दादाच्या हातापासून.

दादा बल्बच्या कारखान्यात होता. तरुणपणी तो असा वाजवायचा की बघणाऱ्याला काठ्या दिसायच्याच नाहीत. मग एकदा, बल्बला टोपी बसवणाऱ्या यंत्रात त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्याने मलमपट्टी केली, रजा दिली आणि नंतर पॅकिंगला बसवलं. कितीतरी महिने दादाने काठीला हात लावला नाही. शेवटी रडूबाईनेच त्याचा ड्रम डोक्यावर घेऊन मागच्या खोलीत आणून आदळला.

“हा हात आता पळत नाही गं,” दादा म्हणाला.

“मग चालू दे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?”

तेव्हापासून सगळी गाणी दादाच्या हाताच्या वेगाने चालू लागली. आनंदाचे शब्द त्यात घालून बघितले तर थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखे ते लोंबायचे. म्हणून रडूबाईने त्या मापाचे शब्द लिहिले. बसथांबा हलवला आणि एका म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तो जुन्या खांबाशीच उभा राहतो, असं एक गाणं. घरात एकटी उरल्यावरही सवयीने दोन कप भरणाऱ्या बाईचं एक. गाणी उदास होती यात वाद नाही. पण लोक गाणी सोडून बाईच्याच वाटेला जात. काकूने घरी येऊन, आवाज खाली आणून विचारलं, “तुझं सगळं ठीक आहे ना? एखाद्या डॉक्टरला दाखवायचं का?” रेडिओवरच्या मुलाने तर मुलाखतीत थेट विचारलं, “तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?”

“हा प्रश्न,” रडूबाई म्हणाली. पोरगा गोरामोरा झाला तेव्हा तिला त्याची दया आली. “अरे, उदास गाणं म्हणजे रडणं नव्हे. रडणाऱ्या माणसाला सुरात गाता येतच नाही. घसा दाटतो, सूर हलतो. करून बघ कधी. सुरात गायचं तर आधी रडू आवरावं लागतं. मग सांग, उदास गाणारा दुबळा कसा?”

मुलाखतीतला हा तुकडा नंतर कापला गेला.

कारकीर्द म्हणायची तर ती अशी. वाचनालयाचे हॉल, नाट्यगृहांच्या मागच्या छोट्या खोल्या, एकदा तर अवजारांच्या प्रदर्शनात, करवतींच्या स्टॉलशेजारी. स्वतःच रेकॉर्डिंग करायचं, सीडी स्वतःच टेबलावर मांडून विकायच्या. कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. कंपनीवाला एकदाच आला. त्याला गाणी आवडली. फक्त वेग दुप्पट करा म्हणाला, आणि ड्रमच्या जागी मशीन लावू, मशीन चुकत नाही. दादा खाली बघून “चालेल” म्हणाला. रडूबाई म्हणाली, “उठा. तो सोफा गिऱ्हाइकाचा आहे.”

त्यावरून दादा तिच्यावर भडकला. “माझ्यापायी तू हातातलं घालवलंस.”

“तुझ्यापायी कशाला? माझी गाणी तुझ्या हातावर बेतलेली आहेत. एका खुर्चीचं कव्हर दुसरीला बसतं का कधी?”

विषय तिथेच संपला. वर्षं गेली, दादाच्या केसांत पांढरं आलं आणि एक दिवस कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. कारखाना बंद होणार होता. बंद करण्यासाठीच एक नवा मॅनेजर पाठवला होता. माणूस वाईट नव्हता, पण कुणाचे डोळे भरलेले त्याला बघवत नसत, आणि त्यावर त्याने उपाय काढला होता तो म्हणजे कुणाचे भरू द्यायचेच नाहीत. शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरला, आनंदी.

दादाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तो स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि आपल्या बँडला वाजवू द्या म्हणाला. परवानगी मिळाली, एका अटीवर. घरी येऊन त्याने ती अट सांगितली आणि रडूबाईचा तिळपापड झाला.

“एकही उदास गाणं नाही? लोकांच्या हातचं काम जातंय आणि त्यांनी टाळ्या वाजवायच्या? मी नाही येत जा.”

“मी शब्द दिलाय.”

“परत घे!”

“ऐक जरा.” दादा भिंतीला टेकून बसला. “इतकी वर्षं सगळा कारखाना मला ‘रडक्या’ म्हणतो. डबा खाताना, गेटवर, सगळीकडे. त्यातल्या एकानेही आपल्याला कधी ऐकलेलं नाही. मला एकदा त्यांच्यासमोर वाजवायचंय. एकदा फाटक बंद झालं की हे सगळे एका जागी पुन्हा कधी बसणार?”

रडूबाईला बरंच काही बोलायचं होतं. ती इतकंच म्हणाली, “बरं. तुझा शब्द तो माझा शब्द.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः दुकानात आला. दोन आनंदी गाणी, कुठलीही चालतील, आणि शेवटी कंपनीचं गाणं, सगळ्यांनी मिळून, असा बेत त्याने सांगितला. “वातावरण पॉझिटिव्ह राहिलं पाहिजे. एक जरी उदास ओळ आली तर मला माईक बंद करावा लागेल. राग मानू नका.” रडूबाईच्या तोंडात खिळे होते, हे त्याचं नशीब.

कंपनीचं गाणं शहरात कुणाला माहीत नव्हतं? जाहिरातीसाठी केलेलं, उड्या मारणारं. रोज सकाळी कामगार आत शिरताना वॉचमन फाटकावरच्या कर्ण्यावर ते लावायचा:

दिवा आमचा घरोघरी,
उजेड त्याचा जन्मभरी,
अंधाराला जाऊन सांगा,
कुणीच नाही एकटं घरी!

तालमीत आनंदी गाण्यांनी दादाची पार दमछाक केली. हात मागे पडे, मास्तर थांबत, पुन्हा सुरू करत. उरलेल्या बोटांतून काठी निसटून स्पंजावर पडली, तिचा आवाजसुद्धा आला नाही. दादाने ती उचलली नाही.

“तुम्ही दोघंच वाजवा,” तो म्हणाला. “मी नुसता बसतो शेजारी.”

ज्याला वाजवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तोच नुसता बसणार! रडूबाईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला राग येई. काठी उचलून तिने त्याच्या हातात कोंबली. “आनंदी गाण्यांचं बघू नंतर. ते कंपनीचं घे. पळू नकोस. तुझ्या हाताला जमेल तसंच घे.”

दादाने एक ठोका दिला. पुढचा त्याच्या वेळेला आला. रडूबाई गाऊ लागली. शब्द तेच, सूर तेच, फक्त प्रत्येक शब्दाला आता खाली बसायला वेळ मिळत होता. ‘उजेड त्याचा जन्मभरी’ला मास्तरांनी गज टोकापर्यंत ओढला. ‘कुणीच नाही एकटं घरी’ म्हणताना रडूबाईच्याच अंगावर काटा आला. बाजारात विकायला लिहिलेली ती ओळ तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

गाणं संपलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “हे रोज सकाळी वाजतं?”

“रोज,” दादा म्हणाला. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू येऊ लागलं, तरुणपणी असायचं तसलं. “रडू, शब्द एकही बदलायचा नाही हां. मी कबूल केलंय म्हणजे केलंय.”

“कानामात्रा बदलणार नाही,” रडूबाई म्हणाली.

शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या हॉलमधला पट्टा बंद होता आणि त्याच्या कडेने फुगे बांधले होते. समोर सगळा कारखाना खुर्च्यांवर बसलेला. तारेच्या विभागातल्या बायका पुढे, बल्बला टोप्या बसवणारे टोपीवाले मागे, दाराशी वॉचमन. मॅनेजरने भाषण केलं. त्यात नवी सुरुवात तीनदा आली. मग रडूबाईने आणि मास्तरांनी दोन आनंदी गाणी कशीबशी पार पाडली. दादा काठ्या मांडीवर ठेवून बसून होता.

“काय रे रडक्या, झोपलास काय?” मागच्या रांगेतून टोपीवाल्यांचा जुना मुकादम ओरडला. हॉल हसला. दादाने मान वर केली नाही.

“आणि आता आपलं लाडकं गाणं!” मॅनेजरने स्वतःच जाहीर केलं. “सगळ्यांनी टाळ्या!” त्याने फाटकावरच्या वेगाने टाळ्या सुरूही केल्या.

दादाने काठी उचलली आणि ठोका दिला. एकच. सगळ्यांना वाटलं, याचा हात अडकला. मॅनेजरच्या टाळ्या पुढे पळाल्या, पळता पळता एकट्या पडल्या आणि ओशाळून थांबल्या. तेव्हा कुठे दुसरा ठोका आला. आणि रडूबाईने तोंड उघडलं.

दिवा आमचा घरोघरी.

मागून एक जण हसायला लागला आणि मध्येच गप्प झाला. तारेच्या विभागातल्या एका बाईने शेजारणीचा हात धरला. या दोघी मुली असताना इथे आल्या होत्या. ‘जन्मभरी’वर रडूबाईने सूर धरून ठेवला आणि त्या बायकांकडे बघत राहिली, नजर न हलवता. दुसऱ्या वेळी त्या बायकाच गाऊ लागल्या. शब्द कुणाला शिकवायचे नव्हते. रोज ऐकून ऐकून ते सगळ्यांच्या हाडांत गेले होते. मग पॅकिंगवाले गाऊ लागले. मग टोपीवाले, त्यांचा मुकादम धरून. पायांनी ठेका धरला, दादाचा ठेका, आणि सिमेंटची जमीन घुमायला लागली. अंधाराला जाऊन सांगा. हे आता कुणी अंधाराला सांगत नव्हतं. सगळा कारखाना एकट्या मॅनेजरकडे तोंड करून सांगत होता.

मॅनेजरने हाताने खूण केली. माईक बंद झाला. ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

रडलं मात्र कुणी नाही. गळे दाटले होते, डोळे लाल झाले होते, पण सगळ्यांना सुरात गायचं होतं. कुणी आवंढा गिळून गाई, कुणी शेजाऱ्याचा खांदा दाबून गाई. ‘कुणीच नाही एकटं घरी’ ही ओळ त्यांनी किती वेळा म्हटली कुणास ठाऊक. दादा थांबेपर्यंत म्हटली. आणि दादाने त्या दिवशी थांबायला भरपूर वेळ घेतला.

गाणं संपल्यावर मॅनेजर त्याच्याजवळ आला. चेहरा उतरलेला. “तुम्ही शब्द दिला होता. एकही उदास गाणं नाही म्हणून.”

रडूबाई पुढे सरसावली, पण दादाने हाताने तिला अडवलं. त्याच हाताने, तीन बोटांच्या.

“गाणं तुमचंच आहे साहेब. शब्दही तुमचेच,” तो म्हणाला. “आम्ही फक्त घाई केली नाही.”

मुकादमाने पुढे येऊन ड्रम खांद्यावर घेतला. “चल रे,” तो दादाला म्हणाला. ‘रडक्या’ म्हणाला नाही. सगळे फाटकाकडे निघाले. वॉचमनने शेवटचा दिवस म्हणून म्हणा किंवा हुकूम होता म्हणून म्हणा, कर्णा लावला होता. तेच गाणं, नेहमीच्या वेगाने, उड्या मारत पळत सुटलं होतं. रडूबाईने मागे वळून बघितलं. एकही पाऊल त्या तालावर पडत नव्हतं. माणसं दादाच्या ठेक्यावर, सावकाश, फाटकाबाहेर पडत होती.