वाढत्या अंगाचा लग्नाचा ब्लाउज

मैत्रिणींनो, हे ग्रुपबाहेर नेऊ नका.

आज इंदापुरातल्या माझ्या दुकानात एक आई मुलीला लग्नाच्या ब्लाउजचं माप द्यायला घेऊन आली.

“शिलाईत कापड जादा सोडा बाई, पोरगी अजून वाढतीया.”

असं कापड आम्ही शाळेच्या गणवेशात सोडतो. माझ्या हातातला टेप थांबला.

“कितवीत आहेस गं?”

“नववीत.”

दारात उभा असलेला तिचा मामा आत आला. “ताई, तुमी नुसतं माप घ्या. दुकान हितंच चालवायचंय न्हवं?”

मी गुमान माप घेतलं. ते गेल्यावर शटर ओढून चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला.

तक्रार कोणी केली हे मामाला लगेच कळेल. मला भीती वाटते आहे. उद्या सकाळी दुकान उघडताना माझ्याशेजारी कोण उभं राहील?