बास्क जत्रेतले भाषाप्रेमी

सुट्टीत रमतगमत फिरताना क्वेबेकमधल्या एका नदीकाठच्या गावात बास्क लोकांची खाद्यजत्रा लागली. तिथं किचनर शहरातून आलेले एक पुणेकर गृहस्थ भेटले. गळ्यात कॅमेरा. माशाच्या रश्श्यात पाव बुडवत ते मला समजावू लागले, "स्पेन-फ्रान्सच्या मध्ये चेपलेले हे लोक, पण भाषा सोडली नाही! आपल्याला मेला अभिमानच नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या छोट्या मुलीनं विचारलं, "बाबा, यात काटे आहेत?"

"इन इंग्लिश, बेटा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक ऐकतायत."

ती खायची थांबली. रस्सा वाढणारी बास्क म्हातारी वाकली आणि स्वतःच्या भाषेत काहीबाही पुटपुटत तिच्या ताटलीतले काटे काढू लागली.

"थँक यू, आजी," मुलगी म्हणाली.

गृहस्थांनी घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं.