पंपातली अक्षत

साऱ्या खालापुरात आपोआप गिअर बदलणारी मोटार एकच होती, आणि ती चालत नसे.

लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन साहेबाकडून माझ्या काकांनी ती घेतली. तिला क्लच नव्हता. काकांना तेवढंच पुरे होतं! "पाय हलवायला नको, हात हलवायला नको," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. (एरवीही त्यांनी ते कधी हलवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) गाडी अंगणात गुरगुरे, थरथरे, आणि जागची हलत नसे. दोघांचे स्वभाव छान जुळले होते.

नेमकी दसऱ्याला मला बघायला मुंबईहून मंडळी यायची होती. आधीच्या दोन ठिकाणांनी 'मुलगी तोंड उघडत नाही' म्हणून नकार कळवला होता. या मुलाचा फोटो मला आवडला होता. अर्थातच हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि काकांनी पत्रात लिहून टाकलं होतं, 'कर्जत स्टेशनावरून आमच्या मोटारीने आणू.'

लढाईत लष्करी ट्रक दुरुस्त केलेले तुकाराम मिस्त्री आले. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला आणि आतला तेलाचा पंप ओटीवर आणून उघडला. साहेबाने दिलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचायला मी! कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

"ताई, बुक काय म्हनतं?"

"दात्यांच्या चाकाभोवती फट किती आहे, ते मोजा."

मिस्त्रींनी पातळ पोलादी पट्टी आत सारली. "फट कसली, खिंड हाय! तेल म्होरं दाबायचं सोडून मागं पळतंय. गाडी हलंल कशी?"

साहेबाने गाडीबरोबर दिलेल्या पेटीत दात्यांची नवी चाकं निघाली. पण पंपाच्या झाकणावर चरे होते. ते घासायला अगदी सपाट जागा हवी, म्हणून काकूचा आरसा आडवा झाला आणि त्यावर पॉलिशपेपर पसरला.

"अहो, पोरगी उद्या तोंड कशात बघणार?" काकू ओरडली.

"पंपात! आरशापेक्षा चकचकीत होतोय," काका म्हणाले.

'जोडताना धुळीचा कणही आत जाऊ नये,' हे वाक्य मी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना सगळ्यांकडे तुच्छतेने पाहिलंसुद्धा.

त्या दिवशी खंडेनवमी होती. कोयता, नांगराचा फाळ, शिवणयंत्र यांच्या मधोमध पाटावर उघडा पंप मांडला गेला. तेल लावलेला!

"पुस्तक तू वाचलंस, पूजाही तूच कर गं," काकू म्हणाली.

'नको, कण जाईल,' एवढंच म्हणायचं होतं. पण सारी ओटी माझ्याकडे बघत होती आणि मी अक्षतांची वाटी उचलली. शिवाय त्या तेलकट लोखंडाला बोट लावायची मला किळस! मी दोन हात लांबूनच चिमूटभर अक्षता भिरकावल्या आणि आत पळाले. मिस्त्रींनी पंप पुसला, संध्याकाळपर्यंत बसवला. गाडी वेशीपर्यंत जाऊन आली. काकांनी मिशांना पीळ दिला.

दसऱ्याच्या दुपारी मी नेसून, नटून (चरे पडलेल्या आरशात बघून) खिडकीशी उभी राहिले. आधी दिसले दोन बैल. मग दोरखंड. मग मोटार! काका ऐटीत चाक धरून, मिस्त्री शेजारी मान खाली घालून, मागे मुलगा आणि त्याची आई. मंडळींना घेऊन येताना पळसदरीच्या चढाला गाडीने राम म्हटला होता.

बैल सोडताना गाडीवानाने विचारलं, "सायेब, ही खाती काय?"

"पेट्रोल."

"मंग आमचा कडबाच बरा!"

पोहे झाले. मुलगा फोटोपेक्षाही बरा होता. त्याच्या आईने मायेने विचारलं, "बाळ, भात येतो का करायला?"

मी मान खाली घातली. तोंड उघडणार, एवढ्यात मिस्त्री अंगणातून तेलाने माखलेला तळहात पुढे करून आत आले.

"सापडलं! दाबाच्या झडपेत ह्यो तांदळाचा दाना अडकला व्हता. झडप मिटंना, म्हनून दाब नाय!"

दाण्यावर कुंकू अजून ताजं होतं.

"कुणी टाकला हा?" काका गरजले.

आणि त्या दिवशी मी पाहुण्यांपुढे पहिल्यांदाच, चांगलं खणखणीत बोलले.

"मी!"

आठ दिवसांनी नकार आला. 'मुलगी तोंड उघडत नाही' हे वाक्य मात्र या पत्रात नव्हतं.

लग्नात पडायच्या हजार अक्षतांपैकी पहिली मी स्वतःच्या हाताने टाकली, तीही पंपात!