चार सूत

काम वाकडं झालं म्हणून शिव्या खाल्लेले, गाड्यांचे पत्रे ठोकणारे डेंटर कोल्हापूरच्या उद्यमनगरात पन्नास सापडतील. सरळ केलं म्हणून बोलणी खाणारा आकाराम मिस्त्री पहिलाच, आणि त्याचं टाळकं सटकलं होतं ते त्यापायीच.

गाडी इटलीची, १९६८ सालची. तसल्या सगळ्या मिळून अकराच झाल्या. ही आधी तिकडच्या एका गिरणीवाल्याची, मग गुजरातेतल्या एका संस्थानिकाची, आणि त्याच्याकडून अमरसिंहांनी घेतलेली. अमरसिंहांनी हौसेनं कोल्हापुरात आणली आणि दुसऱ्याच महिन्यात राजारामपुरीत रिक्षा चुकवताना विजेच्या खांबावर घातली. पुढच्या डाव्या चाकावरचा पत्रा, म्हणजे फेंडर, पार चेपला. तेव्हा आकाराम तिशीत होता. नवा फेंडर ठोकायला घेतला तर जुना उजव्यापेक्षा चार सूत आखूड निघाला. चार सूत म्हणजे चांगला अर्धा इंच. इटलीवाल्यानं नुसत्या पाट्या टाकल्यात म्हणत त्यानं दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या. त्या कामानं त्याचं नाव झालं. हातकणंगल्याहून लोक गाड्या घेऊन यायला लागले.

पुढं अमरसिंह गेले, गाडी पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. मुलानं, विजयसिंहांनी, ती पुन्हा उभी करायची म्हणून आकारामालाच गाठलं. सहा वर्षं गेली. इंजिन झालं, गाद्या झाल्या, रंग झाला. राहिला अस्सलपणाचा दाखला. त्याच्याबरोबर गाडीच्या इतिहासाची वही येते, तिच्यात मालकांची नावं असतात आणि कारागिरांचीही. आकारामाला दुसरं काही नको होतं. त्या वहीत आपलं नाव पडावं, एवढंच.

तपासणीला दाखला देणाऱ्या संस्थेच्या साक्षी नावाच्या बाई आल्या, कारखान्यातले जुने फोटो घेऊन. म्हणाल्या, "डावा फेंडर मूळचा नाही. कारखान्यात दोन बाजूंना दोन कारागीर हातानं ठोकायचे. डावीकडच्याचा आखूड यायचा. तो तसाच हवा."

"म्हंजे मी आता वाकडं करू व्हय?"

"मूळचं करा."

आकारामानं कपाळावर हात मारला. जन्मभर ज्यासाठी मान मिळाला, तेच आता मोडायचं. चार सूत कापून टाकणं काही अवघड नव्हतं, पण फोटोतला पत्रा दिव्यापासून दारापर्यंत जरा सैल, आळसावल्यासारखा उतरत होता. ते काही केल्या जमेना. एक फेंडर केला, दुसरा केला, तिसरा केला. हातोडी हातात आली की हात आपला सरळच जायचा. तिसरा बघून साक्षीबाई म्हणाल्या, "हे मुद्दाम केल्यासारखं दिसतंय." आकारामानं तिसराही भंगारात टाकला आणि दोन दिवस हातोडीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याची नजर रस्त्यापलीकडं गेली. तिथं समोरच्या गॅरेजातला डेंटर ज्ञानू एसटीचा पत्रा ठोकत होता. ह्या ज्ञानूला आकारामानं तीस वर्षं अंदाजपंचे म्हणून हिणवलं होतं, गिऱ्हाईकांदेखत, चारचौघांत. आणि आता त्या पत्र्याचा उतार हुबेहूब फोटोतल्यासारखा, सैल, आळसावलेला. आकारामाच्या डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच ठेवून तो रस्ता ओलांडून गेला.

"ज्ञानू, एक काम हाय."

"वाकडं करायचं असंल," ज्ञानू म्हणाला. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं?

ज्ञानूनं चार दिवस काम केलं, टेप एकदाही हातात घेतला नाही. आकाराम शेजारी स्टुलावर बसून नुसता तडफडत होता. दोनदा टेप लाव म्हणून सांगायला उठला आणि परत बसला.

साक्षीबाईंनी साचा लावून बघितला, फोटो धरून बघितला. मग पहिल्यांदाच हसल्या आणि वही उघडली.

"डाव्या फेंडरचं काम कुणाचं?"

"आकारामाचं, आणखी कुणाचं?" विजयसिंह म्हणाले.

ती वही आकारामाच्या समोर होती. नुसतं गप राहिलं असतं तरी भागलं असतं. त्यानं त्या पत्र्यावरनं एकदा हात फिरवला.

"न्हाय," तो चिडून म्हणाला. "बाकीचं माझं. ह्यो ज्ञानूचा हात हाय."

"पूर्ण नाव सांगा."

तीस वर्षं समोरासमोर, आणि ह्या माणसाचं आडनाव आकारामानं कधी विचारलंच नव्हतं. तो उठला आणि विचारायला रस्ता ओलांडून गेला.