कूलंट जातंय कुठं?

मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. उष्णता, दाब, उत्कलनबिंदू हे सगळं फळ्यावर मला छान जमतं. त्यामुळे आमच्या जुन्या मोटारीतलं कूलंट कमी होतंय हे लक्षात आलं, तेव्हा गॅरेजला जायची गरज मला वाटली नाही. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी कुठून तरी गळत असणार. गळती शोधायला काय लागतं?

संध्याकाळी गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवायचो आणि सकाळी लुंगी खोचून, जमिनीवर पालथा पडून तो तपासायचो. समोरचे काका फिरायला निघालेले असायचे. पहिले दोन दिवस त्यांनी चौकशी केली, तिसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. पुठ्ठा रोज कोरडा, आणि टाकीतली पातळी मात्र चार दिवसांत बोटभर खाली. मी पाइप चाचपले, क्लिपा आवळल्या. एक क्लिप इतकी आवळली की ती तुटलीच. नवी बसवून बायकोला जाहीर केलं, "सापडलं." चार दिवसांनी पातळी पुन्हा खाली गेली.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातून कळलं की बाहेर थेंब दिसत नसेल तर इंजिनाच्या दोन भागांमधली सीलपट्टी, हेड गॅस्केट, गेलेली असू शकते, म्हणजे इंजिन आतल्या आत कूलंट पितं. हे मला फार आवडलं. स्टाफरूममध्ये मी यावर खडूनं आकृती काढून बोललो. एका सहकाऱ्यानं विचारलं, "मग दुरुस्त कधी करणार?"

"आधी निरीक्षण पूर्ण होऊ दे," मी म्हणालो.

या निरीक्षणाच्या काळात बायको दोनदा म्हणाली होती, "अहो, माझ्या पायाखालची मॅट ओली लागतीय."

"तुझी पाण्याची बाटली सांडत असेल."

"बाटली मागच्या सीटवर असते."

"मग एसीचं पाणी."

समोरची काचही आतून सारखी धुरकट व्हायची, पुसली की चिकट लागायची. मी जुन्या पेपरानं ती पुसायचो आणि हल्ली पेपरचा कागद किती खराब येतो म्हणून कुरकुरायचो. कूलंट, मॅट आणि काच या तीन गोष्टी एकाच गाडीत घडतायत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

त्या दिवशी सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही लातूरला निघालो होतो. त्यांना मी मामी म्हणतो. मामी मुखेडकडच्या, शेतातल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः चालू-बंद केलेलं. गुडघे दुखतात म्हणून त्या पुढं बसल्या होत्या, चपला काढून. लोहा गाव मागे टाकून बरंच पुढं आल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, पायाला वल्लं लागून राहिलंय."

"एसीचं पाणी आहे, मामी."

त्यांनी वाकून मॅटला बोट लावलं. दोन बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला. "पानी न्हाई हे. चिकट हाय, अन् गोड वास येऊन राहिला." आणि ते बोट त्या जिभेला लावणार, एवढ्यात मी ओरडलो, "मामी, थांबा! विष आहे ते!"

मागून बायको सावकाश म्हणाली, "विष आहे हे माहितीय तुम्हाला? मग एसीचं पाणी कसं?"

मी गाडी कडेला घेतली. मामींची बोटं आणि पाय आधी बाटलीतल्या पाण्यानं धुतले. बाटली मागच्या सीटवरच होती. इंजिनाच्या तापमानाचा काटा अजून मधोमध होता, म्हणून हळूहळू अहमदपूर गाठलं. रस्त्यालगत एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री पन्नाशीचे होते. मी उतरल्या उतरल्या ओल्या मॅटचा नुसता उल्लेख करून त्यांना हेड गॅस्केटबद्दल सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅट कुनाच्या पायाखाली वल्ली होती?"

मामींनी हात वर केला.

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी आम्हाला बाकड्यावर बसवलं. मग टाकीच्या तोंडाला एक हातपंप लावून दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू उतरायला लागला. बोनेटखाली सगळं कोरडं. ते पुढच्या सीटपाशी गेले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि हिरवा झालेला तळवा मला दाखवला.

"हीटरची कॉइल फुटलीय सर. इंजिनातलं गरम कूलंट तिच्यातून फिरतंय. गळतंय, पन गाडीच्या आत. काचेवर बी त्याचीच वाफ बसलीय."

"मी रोज गाडीखाली बघत होतो," मी म्हणालो.

"हाव, खाली कसं दिसंल?" ते म्हणाले. "हीटर कवा लावता का?"

"कधीच नाही."

"मंग आजच्यापुरतं त्याचं काम न्हाई."

हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून त्यांनी एकमेकांना जोडले, म्हणजे कूलंट त्या कॉइलकडे जाणारच नाही. कूलंट भरलं, इंजिन बराच वेळ चालू ठेवून आतली हवा काढली, पुन्हा पंप लावला. काटा हलला नाही. मी बायकोजवळ जाऊन म्हणालो, "बाटलीचं माझं चुकलं." ती म्हणाली, "काचेचं पण." तेही कबूल केलं.

लातूरला दोन तास उशिरा पोचलो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत मामींनी शेजारच्या बायकांना सगळी हकीकत सांगितली. "आमचे जावई लई शिकलेले हायत," अशी सुरुवात करून. बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

नांदेडला परतल्यावर अख्खा डॅशबोर्ड खोलून नवी कॉइल बसवावी लागली. दोन दिवस लागले. काम कसं चाललंय ते जवळून बघायचं म्हणून मी सुट्टी टाकून गॅरेजात गेलो. तासाभरात गॅरेजवाल्यानं माझी खुर्ची उचलून रस्त्यापलीकडच्या सावलीत नेऊन ठेवली. "सर, इथून बी दिसतं," तो म्हणाला.

तिथून काहीच दिसत नव्हतं. पण गाडी तेव्हापासून ठीक आहे.