वडिलांना घेऊन या

तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला एका गृहस्थांचं पान-तंबाखूचं दुकान होतं. नगरपालिकेनं तंबाखूला परवाना लावला आणि पोरांना विकाल तर तो जाईल, अशी अट घातली. तेव्हापासून बिनमिशीचं गिऱ्हाईक दिसलं की ते गालांवरून नजर फिरवून शांतपणे सांगत, "वडिलांना घेऊन या. त्यांच्यासमोर मागा, देतो."

आता बापासमोर तंबाखू मागेल असा मर्द आमच्या गावात जन्माला यायचा होता. मला मिशी नव्हती. दोन लेकरांचा बाप झालो, तरी तिथून मी बडीशेपच चघळत परतायचो.

एकदा मी दुकानात असतानाच परवाना तपासायला पालिकेचे नवे साहेब आले. गाल गुळगुळीत. त्यांनी आधी सिगारेट मागितली.

"वडिलांना घेऊन या, साहेब."

"अहो, परवान्यावर सही माझी असते. बंद करून टाकीन दुकान."

"करा की. पण अट तुमचीच हाय."

साहेबांनी रागानं पेन उघडलं. तेवढ्यात दुकानदाराचे म्हातारे वडील काठी टेकत देवळाकडून आले. पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या मिशांच्या आमच्या दुकानदारानं तोंडातली बिडी झटक्यात पानांच्या टोपलीत खुपसली. टोपलीतून धूर निघू लागला.

"कशाचा रं धूर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

दुकानदाराची मान खाली. मीही आभाळाकडं बघत राहिलो.

"उदबत्तीचा, आजोबा," साहेब म्हणाले. मग त्यांनी परवान्यावर सही केली आणि माझ्यासारखीच बडीशेप घेऊन निमूट चालू लागले.